विचारा, कायदा काय म्हणतो : एआय, देवाची मूर्ती आणि डेझर्टेशन

प्रश्न : ताई, मी लातूरला एलएलएम करतेय. डेझर्टेशनसाठी (लघुप्रबंध) 'एआयला कायद्यात व्यक्ती मानावं का', म्हणजे त्याला स्वतःच्या नावानं हक्क आणि जबाबदाऱ्या द्याव्यात का, हा टॉपिक घेऊन गेले तर गाईड सर म्हणाले विषय फार नवीन आहे, यावर लिहिलेलंच काही नाही, दुसरं काहीतरी घे. सोडून देऊ का? आणि केसेस शोधायला चॅटजीपीटी वापरलं तर चालेल का?

उत्तर : अजिबात सोडू नकोस. लॉरेन्स सोलम नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी नेमक्या याच प्रश्नावर 1992 साली नॉर्थ कॅरोलायना लॉ रिव्ह्यू या कायद्याच्या नियतकालिकात मोठा लेख लिहिलाय, म्हणजे बहुतेक तुझ्या जन्माआधी. त्यांनी दोन गोष्टी कल्पून पाहिल्या, एक म्हणजे ट्रस्ट चालवायला माणसाऐवजी एआयला ट्रस्टी नेमलं तर काय होईल, आणि दुसरी म्हणजे उद्या एआयनंच घटनेतले हक्क मागितले तर काय. तो लेख आधी वाच, मग 2017 चा ब्रायसन, डायमँटिस आणि ग्रँट या तिघांचा वाच, ते म्हणतात की असं व्यक्तित्व देऊच नका, कारण मग माणसं त्याच्या आड लपतील आणि नुकसान झालेल्याच्या हाती काही लागणार नाही. त्याच वर्षी युरोपियन पार्लमेंटनं रोबोंना 'इलेक्ट्रॉनिक व्यक्ती' म्हणता येईल का याचा विचार करा असं ठरावात सुचवलं होतं आणि 2018 मधे शेकडो तज्ज्ञांनी सही करून त्याला विरोध केला.

आता खरी गंमत तुझ्याकडे आहे, अमेरिकेतल्या पोराकडे नाही. आपल्याकडे देव स्वतः कोर्टात पक्षकार असतो! प्रमथनाथ मल्लिक विरुद्ध प्रद्युम्नकुमार मल्लिक ही 1925 ची प्रिव्ही कौन्सिलची (ब्रिटिश काळातलं लंडनमधलं सर्वोच्च अपील कोर्ट) केस काढ. कलकत्त्याचं घराणं, घरचा देव, आणि पूजेची पाळी आली की मूर्ती आपल्या घरी न्यायची की नाही यावरून भाऊबंदांत वाद. कौन्सिलनं सांगितलं की मूर्ती ही कुणी उचलून न्यावी अशी जंगम वस्तू नाही, कायद्यात ती व्यक्ती आहे, तिचंही म्हणणं ऐकायला हवं आणि त्यासाठी ज्याचा वादात काही स्वार्थ नाही असा माणूस तिच्या वतीनं उभा करा. मला हे वाक्य दरवेळी वर्गात सांगताना अंगावर काटा येतो, शंभर वर्षांपूर्वी आपल्या कायद्यानं बोलता न येणाऱ्याची बाजू कोण मांडणार हा प्रश्न सोडवायला घेतला होता.

पण इथेच नीट बघ. देवाला व्यक्ती मानलं ते देवाच्या जमिनी, दागिने कुणी खाऊ नयेत म्हणून, आणि देवाच्या मागे शेबेत किंवा वहिवाटदार असतो ज्याला हिशेब विचारता येतो. एआयच्या मागे कोण आहे? कंपनी. तिला व्यक्तित्वाची ढाल दिली तर हिशेब कुणाला विचारायचा? माझं मत ब्रायसन वगैरेंच्या बाजूनं आहे, पण तू तुझं ठरव, आणि टॉपिक लहान कर. 'एआयला व्यक्ती मानावं का' यात आयुष्य जाईल, 'मूर्तीचं व्यक्तित्व आणि एआयची जबाबदारी' एवढंच धरलंस तर ऐंशी पानांत काहीतरी खरं म्हणता येईल. सरांना सोलमचा लेख प्रिंट काढून दे, ऐकतील ते. त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहेच, आपल्या कोर्टांच्या अंगानं यावर अजून कमी लिहिलं गेलंय, म्हणून तर तू लिही ना!

लेखांसाठी पैसे खर्च करू नकोस, बरेच प्राध्यापक आपले लेख एसएसआरएन या वेबसाइटवर फुकट टाकतात. आणि एक लक्षात ठेव, अमेरिकेतले बहुतेक लॉ रिव्ह्यू तिथले विद्यार्थीच चालवतात, लेख निवडतातही तेच, त्यामुळे मोठ्या युनिव्हर्सिटीचं नाव बघून दबून जाऊ नकोस.

चॅटजीपीटीचं म्हणशील तर विषय समजून घ्यायला हरकत नाही, पण सायटेशनसाठी, म्हणजे निवाड्यांचे संदर्भ द्यायला, त्याच्यावर विसंबू नकोस. 2023 मधे न्यूयॉर्कच्या कोर्टात माटा विरुद्ध एव्हियान्का या केसमधे वकिलांनी त्यानं दिलेले निवाडे जसेच्या तसे दाखल केले, ते अस्तित्वातच नव्हते, पाच हजार डॉलर दंड झाला. फुटनोटमधला प्रत्येक निवाडा स्वतः उघडून वाचलेला हवा. यात मी कुणालाच सूट देत नाही.

प्रश्न : माझी मुलगी एआय वापरून पुस्तकांची कव्हरं करते. कॉपीराईट तिचा का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : आपल्या कॉपीराईट कायद्यात 1994 च्या दुरुस्तीनं एक वाक्य आलंय, संगणकानं तयार झालेल्या कृतीचा लेखक म्हणजे ती कृती घडवून आणणारी व्यक्ती. ते मुलीच्या बाजूनं वाचता येतं, पण तेव्हा आजच्यासारखा एआय कुणाच्या डोळ्यासमोर नव्हता. अमेरिकेत 2025 मधे एआयनं काढलेल्या चित्राच्या कॉपीराईटवरच्या थेलर केसमधे अपील कोर्टानं सांगितलं की लेखक माणूसच लागतो. म्हणून मुलीला सांगा, स्वतःची स्केचेस, केलेले बदल आणि आधीच्या फाइल्स तारखेसकट जपून ठेव, आणि प्रकाशकाशी करार करताना एआय वापरलाय हे लिहून दे.