‘लाइट बिल’ नावाचं फोल्डर

“मॅडम, मेलमधल्या एकाच फोल्डरला पासवर्ड घालता येतो का हो?”

समोर बसल्या बसल्या त्यांनी हेच विचारलं. वय अठ्ठावन्न, नोकरीतून निवृत्त. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो, बहुतेक वेळा आवाज खाली आणून. विचारणाऱ्याला आपण काही गुन्हा करतोय असंच वाटत असतं.

घरात संगणक एकच. नातवाचा क्लास, सुनेचं ऑफिसचं काम, मुलाचे हिशेब, सगळं त्याच्यावर आणि एकाच लॉगिनवर. मेलचं आउटलुक हे ॲप कायम उघडं. बाईंच्या छातीत गाठ लागली होती. तपासण्या चालू होत्या आणि त्याबद्दल त्या फक्त नागपूरच्या बहिणीला लिहायच्या. ते मेल त्यांनी ‘लाइट बिल’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवले होते. “लाइट बिल कोण उघडून बघतंय?” म्हणाल्या, आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

मी आधी एकच विचारलं, “घरात कुणाची भीती वाटते का?” हे मी प्रत्येकाला विचारते. मारहाण किंवा धमक्या असतील, तर त्याच संगणकावर अचानक नवं कुलूप दिसणं धोक्याचं ठरू शकतं. अशा वेळी मदतीसाठी दुसऱ्याच फोनवरून 181 या महिला हेल्पलाइनशी बोलावं. यांच्या घरात तसं काही नव्हतं. “भीती नाही हो. सगळे माझ्याकडे बघत बसतील, ते नको.”

मग खरं उत्तर दिलं. आउटलुकमध्ये एकेका फोल्डरला पासवर्ड घालायची सोयच नाही. आउटलुक मेल ज्यात साठवतं त्या पीएसटी नावाच्या अख्ख्या फाइलला घालता येतो, पण तो तकलादू असतो. तो काढून टाकणारी साधनं सहज मिळतात आणि त्याच्यावर विसंबू नका, असं खुद्द मायक्रोसॉफ्टच सांगते. थंडरबर्ड या मेलच्या दुसऱ्या ॲपमधला प्रायमरी पासवर्ड साठवलेले पासवर्ड राखतो, संगणकावर उतरलेले मेल नाही. कपाटाच्या एका खणाला कुलूप शोधण्यापेक्षा स्वतःची खोली घ्यावी, म्हणजे विंडोजमध्ये प्रत्येकाचं वेगळं खातं आणि त्याला वेगळा पासवर्ड. उठताना विंडोजची कळ आणि एल एकदम दाबायचं, पडदा बंद. आणि जुन्या लॉगिनमधून आपलं मेलखातं आणि त्याची उरलेली फाइल आठवणीने काढायची, नाहीतर मेल तिथेच राहतात.

एक गोष्ट मात्र मी लपवली नाही. ज्याच्याकडे ॲडमिनिस्ट्रेटरचं, म्हणजे संगणकाचा सगळा ताबा असलेलं खातं असतं, तो ही खोलीही उघडू शकतो. त्यांच्या घरी ते मुलाकडे होतं. म्हणजे त्याच्याशी बोलावं लागणारच होतं. आजार सांगायलाच हवा असं नाही. “माझी पत्रं माझी असू देत,” एवढं म्हटलं तरी पुरे, आणि असं म्हणण्यात घरच्यांशी काही दगाबाजी नाही. आपल्याकडे बायकांना हे एक वाक्य उच्चारायला फार जड जातं. उत्तर बाईंनी लिहून घेतलं. हे वाक्य मात्र त्यांनी माझ्यासमोर दोनदा म्हणून बघितलं.

तीन आठवड्यांनी त्या परत आल्या. मुलाला त्यांनी सांगितलं होतं. तो “बरं” म्हणाला, इतकंच. खातं उघडून दिलं ते दहावीतल्या नातवाने. उघडता उघडता तो हळूच म्हणाला, “आजी, क्लास चालू असताना कोपऱ्यात मेलची चिठ्ठी आली होती. बायॉप्सी असं लिहिलेलं.” बहिणीने विषयाच्या ओळीतच तो शब्द लिहिला होता. फोल्डरला कितीही कुलपं घातली असती, तरी ती चिठ्ठी स्क्रीनवर आलीच असती. महिनाभर पोरगं कुणाशी न बोलता हे मनात घेऊन फिरत होतं. त्या दिवशी आजी-नातू बराच वेळ संगणकासमोर बसून राहिले. रडले का, ते मी विचारलं नाही.

“मी पासवर्ड टाकायला लागले,” त्या सांगत होत्या, “तर तो उठला आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. झालं का, झालं का, करत.”

त्या भेटीत संगणकाचं बोलणं तिथेच संपलं. उरलेला वेळ आम्ही सुनेला कसं सांगायचं, यावर बोललो.