१९५४च्या ‘गोजिरा’ (गॉडझिला) या जपानी चित्रपटातला राक्षस रबरी पोशाखातला माणूस असूनही इतका अजस्र कसा वाटतो?

मुख्य कारण कॅमेऱ्याचा वेग. गोजिराची उंची ५० मीटर ठरवली होती आणि टोकियोच्या प्रतिकृती साधारण १:२५ प्रमाणात बांधल्या होत्या, म्हणजे पोशाख सुमारे २ मीटरचा. छोट्या प्रतिकृतीत पडण्याची उंची कमी, म्हणून वस्तू कमी वेळात खाली येते आणि तिथेच खोटेपणा उघडा पडतो. म्हणून सेकंदाला जास्त फ्रेम (चित्रं) घेऊन दृश्य नेहमीच्या सेकंदाला २४ फ्रेमने दाखवायचं, म्हणजे ते संथ दिसतं. पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो; २५चं वर्गमूळ ५, म्हणजे २४च्या पाचपट, हिशेबाने सेकंदाला १२० फ्रेम हव्यात. वेग कमी पडला की इमारत खेळण्यासारखी कोसळते.

पहिला पोशाख इतका जड आणि ताठ झाला की आत शिरलेल्या हारुओ नाकाजिमांना चार पावलंही धड टाकता येईनात. मग हलका दुसरा केला आणि पहिला कापून त्याचा खालचा भाग नुसत्या पायांच्या शॉटसाठी वापरला. वितळणारे विजेचे मनोरे मेणाचे होते. स्पेशल इफेक्ट्स सांभाळणाऱ्या एइजी त्सुबुराया यांच्या कामातलं मला सगळ्यात आवडणारं दृश्य तेच!

पाणी मात्र फसवता येत नाही, थेंब लहान करता येत नाहीत. त्यामुळे समुद्रातली दृश्यं थोडी उघडी पडतात. रात्र आणि कृष्णधवल फिल्म बाकीचं बरंच झाकून नेतात.

डरकाळी संगीतकार अकिरा इफुकुबे यांची: डबल बास या मोठ्या तंतुवाद्याच्या सैल केलेल्या तारांवर राळ लावलेला चामडी हातमोजा ओढायचा आणि ध्वनिमुद्रणाचा वेग बदलायचा.

बघताना ९६ मिनिटांची जपानी आवृत्तीच घ्या. १९५६च्या अमेरिकन आवृत्तीत बरीच काटछाट आहे.