तज, दालचिनी आणि त्वक्

प्रश्न असा आहे: पुड्यावर 'तज' छापलेले असते आणि वाणी त्यालाच दालचिनी म्हणतो, तर दोन्ही एकच का? शिवाय 'चिनी' म्हणजे इथे साखर का?

साखरेचे आधी. फारसीत 'दार' म्हणजे झाड किंवा लाकूड. देवदारातला संस्कृत 'दारु' त्याचाच सगोत्र. 'चीनी' म्हणजे चीनचा. दारचीनी म्हणजे चीनकडचे लाकूड. 'र'चा 'ल' होऊन हिंदीत दालचीनी झाले. मराठीत शेवटचे अक्षर दीर्घ असल्याने आधीचा इकार ऱ्हस्व होतो, जसा 'महिना'त. म्हणून मराठीत दालचिनीच लिहावे. साखरेचा घोळ मात्र जुना दिसतो. भावप्रकाश निघंटू या आयुर्वेदातल्या जुन्या ग्रंथात 'दारुसिता' असे नाव येते, आणि सिता म्हणजे साखर. दारचीनीतली 'चीनी' साखर समजून हे संस्कृत रूप घडवले असावे, असे मला वाटते. त्याच ठिकाणी 'तनुत्वक्', म्हणजे पातळ सालीची, हेही नाव आहे आणि ओळख पटवायला ते फार उपयोगी आहे.

'तज' हा शब्द संस्कृत 'त्वच्'वरून आला. त्वचा म्हणजे साल, आणि आपण खातो तीही सालच. गुजरातीत तज सरसकट चालतो. बोलण्यात आपणही दोन्ही एकच धरतो, पण भारतीय अन्नसुरक्षा नियमांत ती दोन वेगळी नावे आहेत. दालचिनी म्हणजे श्रीलंकेची, सिनॅमोमम व्हेरम या झाडाची आतली साल. तज म्हणजे कॅसिया, यात चिनी, इंडोनेशियन आणि व्हिएतनामी जाती येतात. गंमत अशी की नावात चीन आहे ती श्रीलंकेची, आणि खरी चीनची ती तज!

हातात घेऊन पाहा. दालचिनीची साल कागदासारखी पातळ, एकात एक गुंडाळलेले बरेच पदर, बोटांनी सहज चुरगळते. रंग फिकट तपकिरी, वास मंद आणि गोडसर. तज जाड आणि कडक, एकच पदर दोन्ही कडांनी आत वळलेला, तोंडात जास्त तिखट. मिक्सरमध्ये अख्खी टाकली तर खडे राहतात, म्हणून आधी खलबत्त्यात फोडावी. पूड झाल्यावर नुसत्या नजरेने ओळखण्याचा भरवसा धरू नये.

हा फरक फक्त चवीचा नाही. तजेत कूमारिन हे सालीतले नैसर्गिक सुगंधी द्रव्य बरेच असते, दालचिनीत नाममात्र. जास्त कूमारिन रोज पोटात गेले तर काहींच्या यकृताला त्रास होतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने रोजची मर्यादा दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम ठरवली आहे. ६० किलोच्या माणसाला ६ मिलिग्रॅम. तजेच्या एका ग्रॅम पुडीत सरासरी ३ मिलिग्रॅमच्या आसपास कूमारिन असते, म्हणजे सपाट चमचाभर, साधारण अडीच ग्रॅम पूड मर्यादा ओलांडते. आमटीतल्या किंवा पुलावातल्या तुकड्याची काळजी नको. 'साखर उतरते' म्हणून रोज सकाळी चमचाभर घेणाऱ्यांनी मात्र पुड्यावरचा शब्द वाचलाच पाहिजे. मधुमेहावरच्या चाचण्यांचे निष्कर्षही एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा चालू गोळी बंद करू नये. रक्त पातळ करण्याचे औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

आयुर्वेदात शब्द 'त्वक्'. सितोपलादि चूर्णात खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २ आणि त्वक् १. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात त्वक् म्हणजे श्रीलंकेची जात, म्हणून घरी चूर्ण करताना पातळ सालीचीच घ्यावी. गोड्या मसाल्याला तज चालते. तेलात परतल्यावर तिचा उग्रपणा उलट उपयोगीच पडतो. पाककृती लिहिताना नुसते 'एक तुकडा' लिहू नका: बोटभर जाड तज आणि बोटभर पातळ दालचिनी यांच्या वजनात बराच फरक पडतो.