रोल मिळेल, पण धुवायचा कुठे?

या महिन्यातल्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे : कॅमेऱ्याची फिल्म दुकानात मिळत नाही. म्हणून यावेळचे सदर पूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे.

आमच्या भागातल्या दोन्ही फोटो स्टुडिओंनी रोल ठेवणे बंद केले. ‘कंपन्याच बंद पडल्या’ असे सांगतात. हे खरे आहे का? – एक वाचक, नाशिक

नाही, पण दुकानदाराचा तसा समज का झाला हे कळण्यासारखे आहे. वाईट बातम्या लागोपाठ येत गेल्या. २००५ मध्ये आग्फाफोटोचे दिवाळे निघाले. २००८ मध्ये पोलरॉइडने इन्स्टंट फिल्म थांबवत असल्याचे जाहीर केले. २००९ मध्ये कोडॅकची कोडाक्रोम ही स्लाइड फिल्म (जिच्यावर निगेटिव्हऐवजी थेट सुलटे चित्र येते) गेली आणि जानेवारी २०१२ मध्ये खुद्द कोडॅकला दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांची आवडती फुजीची प्रो ४००एच २०२१ मध्ये बंद झाली. आपल्याकडे उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना होता, ‘इंदू’ नावाचा कृष्णधवल रोल तिथलाच. तोही बंद पडला. त्यामुळे आज इथल्या दुकानात दिसणारा रोल परदेशातूनच आलेला असतो.

तरीही कोडॅकची फिल्म अमेरिकेत रॉचेस्टरला, इल्फर्डची इंग्लंडमध्ये मॉबर्लीला आणि फोमाची चेक प्रजासत्ताकात आजही बनते. कोडॅकने बंद केलेली एक्टाक्रोम ही स्लाइड फिल्म तर २०१८ मध्ये पुन्हा बाजारात आणली.

रोल नेहमीच्या दुकानात दिसत नाही, त्याचे मोठे कारण त्याच दुकानामागच्या लॅबमध्ये सापडते. रंगीत निगेटिव्ह ज्या पद्धतीने धुतात ती सी-४१. तिचा डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारे रसायन, ३७.८ अंश सेल्सिअसला ठेवावा लागतो, त्यात फिल्म ३ मिनिटे १५ सेकंद राहते आणि तापमान पाव अंशसुद्धा ढळून चालत नाही. मशीनच्या टाकीतला डेव्हलपर हवेने सतत खराब होत असतो. रोज भरपूर रोल आत गेले की प्रत्येक रोलमागे थोडे ताजे रसायन टाकीत पडते आणि समतोल टिकतो. आठवड्याला चार-पाचच रोल आले तर रसायन नुसते उभे राहून मरते. लॅबवाला मग मशीन बंद करतो. धुवायची सोय नाही म्हणून गिऱ्हाईक रोल घेत नाही, रोल खपत नाही म्हणून दुकानदार मागवत नाही. शिवाय रोलवर मुदतीची तारीख असते, न खपलेला माल अंगावर पडतो.

म्हणून रोल शोधण्याआधी लॅब शोधा. फोनवर तीन गोष्टी विचारा : सी-४१ आठवड्यातून कोणत्या दिवशी चालते, कंट्रोल स्ट्रिप (रसायन ठीक आहे का हे दाखवणारी फिल्मची चाचणीपट्टी) घालून तपासता का, आणि निगेटिव्ह परत मिळतात का. पहिल्या प्रश्नाला ‘कधीही आणा, केव्हाही करून देऊ’ असे उत्तर आले तर थोडे सावध राहा. जिथे रोल थोडे येतात तिथली नीट चालणारी लॅब ते साठवते आणि ठरलेल्या दिवशी एकत्र धुते. अशा लॅबकडेच बहुधा ताजे रोलही मिळतात. नाशिकहून मुंबई-पुण्याच्या लॅबला कुरियरने रोल पाठवणे हा सरळ मार्ग आहे. मात्र चार-पाच रोल साठले की पाठवू म्हणून वर्षभर थांबू नका, काढलेला रोल न काढलेल्यापेक्षा लवकर बिघडतो.

लॅबचे काम कसे आहे हे घरीच तपासता येते. निगेटिव्ह खिडकीसमोर धरा आणि चित्रांकडे न बघता कडेचे आकडे व फिल्मचे नाव बघा. ती अक्षरे कारखान्यातच प्रकाशाने छापलेली असतात, तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नाही. अक्षरे ठळक आणि चित्र फिके असेल तर प्रकाश कमी पडला, चूक फोटो काढताना झाली. अक्षरेही पुसट असतील तर धुण्यात खोट आहे. मेलेल्या डेव्हलपरने सावल्यांत एक आणि उजेडात दुसरीच रंगाची झाक येते, ती स्कॅन करताना कितीही खटपट केली तरी पूर्ण जात नाही.

एका जुन्या स्टुडिओच्या कपाटात मुदत संपून दहा वर्षे झालेले २०० आयएसओचे (प्रकाशाला संवेदनशीलतेचा आकडा) रंगीत रोल आहेत. मालक स्वस्तात देतो म्हणतो. घ्यावेत का? – एक वाचक, सांगली

आधी एकच घ्या. खोक्यावर तारखेशेजारी बॅच क्रमांक असतो. सगळे एकाच बॅचचे आणि एकाच कपाटातले असतील तर एकाच्या निकालावरून बाकीच्यांचा अंदाज येतो. कपाट कुठे होते तेही विचारा. पत्र्याच्या छपराखाली सांगलीचे दहा उन्हाळे काढलेला रोल आणि वातानुकूलित खोलीत राहिलेला रोल यांची तुलनाच होत नाही.

उष्णतेने फिल्मवर प्रकाश न पडताही धुके साचते. सावलीतला तपशील त्या धुक्यात बुडतो, म्हणून जास्त प्रकाश देऊन तो वर काढावा लागतो. साध्या खोलीत ठेवलेल्या रंगीत निगेटिव्हसाठी ढोबळ हिशेब असा : दर दहा वर्षांना एक स्टॉप जास्त, म्हणजे प्रकाश दुप्पट. म्हणजे तुमचा २०० चा रोल १०० समजून वापरा. पहिल्या रोलवर उन्हातले एकच दृश्य २००, १००, ५० आणि २५ ला घ्या, कोणत्या आकड्याला सावल्या उघडतात ते दिसेल. डब्यावरच्या काळ्या-चंदेरी चौकोनांवरून, म्हणजे डीएक्स कोडवरून, कॅमेरा आपोआप २०० वाचत असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ ला ठेवा. लॅबला मात्र ‘नॉर्मल सी-४१’ असेच सांगा. पुश केले, म्हणजे डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवले, तर धुकेही तितकेच वाढते.

त्याच कपाटात १०० आयएसओचे कृष्णधवल रोल असतील तर ते बिनधास्त घ्या, ते चांगले टिकतात. १६०० किंवा ३२०० चे रोल फुकट मिळाले तरी महत्त्वाच्या कामाला वापरू नका. स्लाइड फिल्मही नको, ती एका स्टॉपची चूकसुद्धा पोटात घालत नाही.

ऑनलाइन स्वस्त पडला म्हणून सिनेमाच्या फिल्मचा भरलेला रोल घेतला. लॅबने हात लावायला नकार दिला. हा अन्याय नाही का? – एक वाचक, ठाणे

लॅबचे बरोबर आहे. सिनेमाच्या बऱ्याच रंगीत निगेटिव्हच्या पाठीवर रेमजेट नावाचा काजळीचा थर असतो. मोठ्या सिनेकॅमेऱ्यात फिल्म वेगाने पळते, तेव्हा स्थिर वीज आणि ओरखडे यांपासून तो तिला वाचवतो. सी-४१ च्या मशीनमध्ये हा थर सुटून टाकीत उतरतो, रोलरला चिकटतो आणि तुमच्यामागून येणाऱ्याच्या लग्नाच्या निगेटिव्हवर काळे ठिपके पाडतो. न सांगता असा रोल लॅबमध्ये देणे हा दुसऱ्यांच्या फोटोंशी खेळ आहे.

मार्ग दोन. सिनेफिल्मची इसीएन-२ पद्धत करणाऱ्या लॅबला द्या, किंवा प्रकाश न शिरणाऱ्या डेव्हलपिंग टँकमध्ये घरी धुवा. एक लिटर ३८ अंशांच्या पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवा, टँकमध्ये ओतून मिनिटभर ठेवा आणि मग पंधरा सेकंद जोरात हलवा. शाईसारखे काळे पाणी बाहेर येईल. पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळून काढा, मगच डेव्हलपर घाला. धुऊन झाल्यावर राहिलेली काजळी ओल्या मऊ कापडाने फक्त चकचकीत बाजूने पुसा. दुसऱ्या, मंद दिसणाऱ्या बाजूवर ओले असताना बोट लागले तरी चित्र खरवडले जाते. सी-४१ च्या रसायनांत या फिल्मचे रंग आणि कॉन्ट्रास्ट थोडे वेगळे येतात, कारण तिचा मूळ डेव्हलपरच निराळा आहे.

पुढच्या वेळी घेताना ‘रेमजेट काढलेला आहे का’ एवढे विचारा. स्वस्ताईच हवी असेल तर कृष्णधवल फिल्मचा ३०.५ मीटरचा बल्क रोल, म्हणजे डब्यात न भरलेली लांब सुटी फिल्म, घेऊन रिकामे डबे भरा. ३६ फोटोंचे सुमारे १८ रोल निघतात. डब्याच्या तोंडाचे मखमल आधी स्वच्छ करा, त्यात अडकलेला एक वाळूचा कण पूर्ण रोलभर सरळ रेघ ओढतो.

एकदम वीस रोल घेऊन ठेवले आहेत. कोकणातल्या पावसाळ्यात कसे सांभाळू? – एक वाचक, रत्नागिरी

न फोडलेले रोल झिपच्या पिशवीत, पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात आणि डबा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. वर्षभरात संपणार असतील तर फ्रीझरची गरज नाही. वापरायच्या आधी किमान तीन तास, शक्यतो आदल्या रात्रीच, बंद पिशवीसकट बाहेर काढा. थंड डबी दमट हवेत उघडली की फिल्मवर दव धरते. एकदा कॅमेऱ्यात घातलेला रोल पुन्हा फ्रिजमध्ये ठेवू नका, तो पंधरा दिवसांत संपवून धुवायला द्या. फिल्मचा थर जिलेटिनचा असतो आणि बुरशीला तो अन्नासारखाच आहे. कॅमेऱ्याच्या पिशवीत सिलिका जेल ठेवत असाल तर निळे दाणे गुलाबी झाले की ते ओव्हनमध्ये तापवून पुन्हा निळे करून घ्या.

कृष्णधवल रोल घरीच धुवायचे आहेत, पण इथे नळाचे पाणी ३२ अंशांचे येते. – एक वाचक, सोलापूर

घरी धुणे जमले की लॅबवर अवलंबून राहावे लागत नाही, म्हणून हे जरूर शिका. पुस्तकी तापमान २० अंश आहे, सोलापुरात त्याच्या मागे लागू नका, २४ अंश पकडा. इल्फर्डचा एचपी५ प्लस रोल त्यांच्याच आयडी-११ डेव्हलपरमध्ये १+१ (एक भाग डेव्हलपर, एक भाग पाणी) धुतल्यास २० अंशांना १३ मिनिटे लागतात, २४ ला साधारण ९. डेव्हलपर पातळ करूनच वापरा. मूळ तीव्रतेचा वापरला तर वेळ पाच मिनिटांच्या आसपास येतो आणि त्याहून कमी वेळात धुलाई असमान होते, आकाशात पट्टे दिसतात.

मोठ्या घमेल्यात पाणी आणि बर्फ घालून त्यात डेव्हलपर, फिक्सर (चित्र पक्के करणारे रसायन) आणि धुण्याच्या पाण्याच्या बाटल्या एकत्र उभ्या करा. नवशिके नेमके इथे चुकतात : डेव्हलपर २४ ला आणतात आणि शेवटी नळ सोडतात. एकदम आठ अंशांचा झटका बसला की जिलेटिन सुरकुततं, चित्रावर भेगाळलेल्या मातीसारखी जाळी येऊ शकते. सगळी पाणी दोन अंशांच्या आत ठेवा.

रॅपिड फिक्सर १+४ ला तीन ते पाच मिनिटे पुरतो. तो जिवंत आहे की नाही हे प्रत्येक वेळी तपासा. रोलचे कापलेले जिभेसारखे टोक उजेडात फिक्सरमध्ये बुडवा. दुधाळ तुकडा पारदर्शक व्हायला जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ फिक्स करा. ताज्या फिक्सरला लागला होता त्याच्या दुपटीहून जास्त वेळ लागायला लागला तर तो फिक्सर संपला. शेवटचे खळबळणे मात्र नळाच्या पाण्यात करू नका, क्षारांचे पांढरे डाग निगेटिव्हवर बसतात. बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात वेटिंग एजंटचे (पाणी थेंब न धरता निथळावे म्हणून घालायचे द्रावण) थेंब, एवढे पुरते. सुकताना पंखा बंद ठेवा.

आजोबांचा आग्फा क्लिक थ्री आहे. याचा रोल आता कुठून आणायचा? – एक वाचक, पुणे

तुमचे नशीब चांगले आहे. तो १२० चा रोल घेतो आणि १२० आजही बनतो. एका रोलवर चौकोनी १२ फोटो येतात. कॅमेऱ्यात आजोबांच्या शेवटच्या रोलची रिकामी रीळ असेल तर ती फेकू नका, नवी फिल्म तिच्यावरच गुंडाळली जाणार आहे.

याचा शटर साधा आणि सावकाश आहे, त्यामुळे उन्हात ४०० ऐवजी १०० चा कृष्णधवल रोल घाला. मागच्या लाल काचेवर काळी चिकटपट्टी लावा आणि रोल पुढे सरकवताना तेवढ्यापुरती सावलीत उचला. जुन्या काळच्या काही फिल्मना लाल रंग दिसत नसे, आजच्या फिल्मना दिसतो. घरात जुना कोडॅकचा बॉक्स कॅमेराही असेल तर त्याच्या रोलचा आकार आधी बघा. त्यावर ६२० लिहिलेले असेल तर फिल्म तीच, पण रीळ बारीक. ६२० चे रोल कोडॅकने १९९५ मध्ये बंद केले, तेव्हा १२० ची फिल्म अंधारात ६२० च्या रिळीवर गुंडाळून घ्यावी लागेल.

भारतात येताना रोल आणायचे आहेत. विमानतळावरच्या एक्स-रेचे काय? – एक वाचक, दुबई

चेक-इन बॅगेत कधीही नाही. हातातल्या बॅगेत, रोल बाहेरच्या प्लास्टिकच्या डब्यांतून काढून पारदर्शक पिशवीत ठेवा आणि रांगेत शिरतानाच हाताने तपासण्याची विनंती करा. जुन्या पद्धतीच्या यंत्रातून १०० ते ४०० चे रोल एक-दोनदा गेले तर बिघडत नाहीत. नवी सीटी स्कॅन यंत्रे मात्र एका फेरीतही धुके आणू शकतात. रोल धुऊन झाला की कोणतेही यंत्र त्याचे काही बिघडवत नाही, म्हणून परतताना काढलेले रोल शक्य तर इथेच धुऊन न्या.