बीपी असताना चालावं, वजनं उचलावीत की आणखी काही करावं?

तुमचा वरचा बीपी गोळी घेऊनही १४५च्या आसपास राहतो, डॉक्टर नुसतं "व्यायाम करा" म्हणाले आणि जिममधला मुलगा सांगतो की चालण्याने काही होत नाही, वजनं उचला. मी दादरला फिजिओथेरपिस्ट आहे आणि हा प्रश्न मला रोज कोणी ना कोणी विचारतं.

चालण्याने होतं. २०२३ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये २७० प्रयोगांचा एकत्रित आढावा आला. त्यात चालणं, धावणं, सायकल यांनी वरचा आकडा सरासरी साडेचारने उतरला, वजनांनीही जवळपास तेवढाच. दोन्ही मिळून केलं तर सहाने. सर्वांत जास्त, आठने, उतरला तो जागचं न हलता स्नायू ताणून धरण्याच्या व्यायामाने. त्यातही भिंतीला पाठ टेकून, खाली खुर्ची असल्यासारखं गुडघे वाकवून थांबणं, म्हणजे वॉल सिट, वरच्या आकड्यासाठी सरस ठरलं.

करायचं असं: दोन मिनिटं थांबा, दोन मिनिटं विश्रांती, असं चार वेळा, आठवड्यातून तीन दिवस. पहिल्याच दिवशी दोन मिनिटं जमत नाहीत, मांड्या थरथरतात. तेव्हा कमी वाका, अर्ध्या मिनिटापासून सुरू करा. गुडघे दुखत असतील तर काटकोनापर्यंत जाऊच नका. धरून ठेवताना स्नायूंतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि सोडल्यावर रक्त जोरात वाहतं. त्याने वाहिन्या सैलावतात, असं मानलं जातं. जुलैत शिवाजी पार्कात चिखल असतो, तेव्हा वन रूम किचनमधली एक मोकळी भिंत पुरते.

पण धरून ठेवताना बीपी वाढतो, आणि श्वास रोखला तर फारच. १९८५मध्ये तगड्या बॉडीबिल्डर्सच्या धमनीत सुई घालून जड लेग प्रेस (पायांनी वजन ढकलण्याचा व्यायाम) करताना बीपी मोजला होता, सरासरी ३२०/२५० आला! वजन ठेवल्यावर तो झटकन खाली येतो, त्यामुळे जिमला घाबरायचं कारण नाही. वजन मात्र असं घ्या की दहा-बारा वेळा उचलता येईल, आणि उचलताना श्वास सोडा. वॉल सिट करताना मी पेशंटना मोठ्याने आकडे मोजायला लावते, म्हणजे श्वास रोखताच येत नाही.

चालणं सोडू नका. पार्कात अर्धी फेरी मारून कट्ट्यावर गप्पा मारणारे पुष्कळ दिसतात. तो त्यांचा आनंद आहे, पण व्यायाम नव्हे. चालताना बोलता यावं, गाता येऊ नये, एवढा वेग हवा, आणि आठवड्याला दीडशे मिनिटं. स्टेशनच्या पुलाचे जिनेही त्यात धरा.

तुमची गोळी मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल असेल तर नाडी फारशी वाढणार नाही, तेव्हा मनगटी घड्याळात दिसणाऱ्या नाडीच्या ठोक्यांवरून जोर ठरवू नका. बीपी १८०/११०च्या वर असेल किंवा छातीत दुखत असेल तर यातलं काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. आकडे उतरले तरी गोळी आपल्या मनाने कमी करू नका. आणि व्यायामानंतर लगेच मशीन लावू नका, अर्धा तास जाऊ द्या. त्यानंतरही काही तास बीपी एरवीपेक्षा खालीच असतो, म्हणून तो आकडा रोजचा समजू नका. सकाळचा, गोळीआधीचा आकडा वहीत लिहून ठेवलात तर पुढच्या खेपेला डॉक्टरांना तोच जास्त उपयोगी पडेल.