गोळी एक दिवसाआड, पैसे कंपनीचे

प्रश्न : मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तिलकनगरला माझं लहानसं क्लिनिक आहे, शिवाय आठवड्यातून चार दिवस एका ट्रस्टच्या रुग्णालयात जाते. पाळीत अंगावरून फार गेल्याने रक्त कमी झालेल्या बायकांना लोहाची गोळी रोज द्यावी की एक दिवसाआड, हे मला आमच्याच रुग्णांत तपासायचं आहे. रोजच्या गोळीने मळमळतं, पोट बिघडतं, म्हणून कितीतरी जणी ती मध्येच सोडून देतात. गोळी बनवणाऱ्या कंपनीचा एमआर म्हणाला, "मॅडम, दोन पानं लिहून द्या, सव्वा लाख मंजूर करून आणतो. आकडेमोड आमचा माणूस करेल. पेपर मात्र छापायच्या आधी आमच्याकडून ओके करून घ्या." माझा विचार असा : दोन गटांत ३०-३० बायका, सीबीसी (रक्तातल्या पेशी आणि हिमोग्लोबिनची तपासणी) आणि फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) दोनदा, लॅबचा दर दोन्ही मिळून एका वेळी ७०० रुपये. अर्ज करू का?
— एक डॉक्टर, इंदूर

उत्तर : करा. फक्त एमआरच्या हाती एक कागदही देऊ नका. तो विक्रीचा माणूस आहे. तुमचा अभ्यास आणि तुमच्या चिठ्ठ्यांवरचा त्याचा ब्रँड, दोन्हींचा हिशेब तो एकाच वहीत ठेवणार. अर्ज जायला हवा कंपनीच्या मेडिकल अफेअर्स विभागाकडे. 'इन्व्हेस्टिगेटर इनिशिएटेड स्टडी'साठी, म्हणजे डॉक्टरने स्वतः ठरवलेल्या अभ्यासासाठी, पैसे हवेत म्हणून लिहा. आधी दोन-तीन पानांची कन्सेप्ट नोट मागतील : प्रश्न काय, आजवर काय माहीत आहे, किती रुग्ण, काय मोजणार, किती महिने, किती पैसे. ती पटली तरच पूर्ण प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा सविस्तर आराखडा.

आता तुमच्या प्रश्नातली गंमत बघा. एक दिवसाआड गोळी पुरते असं निघालं, तर त्यांची गोळी निम्मीच खपणार! दवा बाजारातला कुठलाही व्यापारी हे बोटांवर मोजून सांगेल. मग कंपनीने पैसे का द्यावेत? उत्तर तुमच्याच पत्रात आहे. मळमळून गोळी सोडणारी बाई महिन्याला शून्य गोळ्या घेते, एक दिवसाआड घेणारी पंधरा. हे नोटमध्ये सरळ लिहा. त्याला वैद्यकीय आधारही आहे : लोहाची गोळी घेतली की हेप्सिडिन (लोहाचं शोषण रोखणारं शरीरातलं संप्रेरक) वाढतं आणि दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं लोह कमी शोषलं जातं. झुरिचच्या संशोधकांनी २०१७ साली हे मोजून दाखवलं, पण त्या बायकांमध्ये लोह कमी होतं, पंडुरोग नव्हता. तुमच्याकडे येणाऱ्या बायकांचं काय, हा प्रश्न उरतोच, आणि तो चांगला आहे.

३०-३० मात्र चालणार नाही. हा आकडा एमडीच्या थीसिसमधून आला असावा, तिथे सगळ्यांनाच तीस पुरतात. हिमोग्लोबिनचा फैलाव (बाईगणिक पडणारा फरक, स्टँडर्ड डेव्हिएशन) १.२ ग्रॅम धरला आणि एक दिवसाआडची गोळी रोजच्या गोळीपेक्षा अर्ध्या ग्रॅमहून जास्त मागे पडत नाही एवढं सिद्ध करायचं म्हटलं, तर एका गटात ९१ बायका लागतात. मधून सोडून जाणाऱ्या १५ टक्के धरा, म्हणजे १०७. दोन्ही मिळून २२० म्हणू या. दोनदा करायच्या तपासण्यांचेच ३ लाख ८ हजार झाले. त्यावर एक संशोधन सहायक, रुग्णांचं येण्याजाण्याचं भाडं, संख्याशास्त्रज्ञाची फी (तो तुमचा हवा, त्यांचा नको), विमा आणि ट्रस्टचा वाटा. सव्वा लाखात हा अभ्यास अर्धवट राहील, आणि अर्धवट अभ्यास म्हणजे त्या बायकांची फसवणूक.

चेक ट्रस्टच्या नावाने. यात तडजोड नाही. डॉक्टरांच्या आचारसंहितेत डिसेंबर २००९ मध्ये जी भर पडली, तिच्यात हे स्पष्ट आहे : संशोधनासाठी कंपनीचा पैसा मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच घ्यायचा, वैयक्तिक नावावर नाही, आणि तो जाहीर करायचा. त्याच कलमात तुमच्या कामाचं आणखी एक वाक्य आहे. निकाल छापण्याचं स्वातंत्र्य डॉक्टरकडे राहील अशी अट करारात घालून घ्यायची. म्हणजे त्या 'ओके'ला थेट नकार द्या. छापण्याआधी ३० दिवस वाचायला देऊ, सूचना ऐकू, पण संमती मागणार नाही, एवढंच लिहा.

मी काही वर्षं एका एथिक्स कमिटीवर, म्हणजे रुग्णांवरच्या अभ्यासांना परवानगी देणाऱ्या समितीवर, होते. एकदा चौदा पानी करार आला आणि अकराव्या पानावरच्या एका उपकलमात 'कंपनीच्या लेखी संमतीनेच प्रसिद्धी' असं दडलेलं. डॉक्टर म्हणाले, "अहो, ते फॉर्मॅटच असतं." आम्ही खोडायला लावलं. कंपनीने पुढे पैसेच दिले नाहीत. ते डॉक्टर नंतर एका लग्नाच्या पंगतीत समोर बसले होते, भात संपेपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही. पण फॉर्मॅटने काय होतं ते सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधक बेट्टी डाँग यांना विचारावं. त्यांनी १९८७ साली थायरॉईडच्या गोळीचा अभ्यास कंपनीच्या पैशाने घेतला, करारात हेच कलम होतं. महाग ब्रँड आणि स्वस्त गोळ्या सारख्याच निघाल्या. जानेवारी १९९५ मध्ये छापायला तयार असलेला लेख मागे घ्यावा लागला, आणि तो आला एप्रिल १९९७ मध्ये.

परवानग्यांचं थोडक्यात. औषध आधीपासून मंजूर आहे आणि निकाल फक्त अभ्यासासाठी वापरणार, तर औषधचाचण्यांच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे ही 'अकॅडेमिक ट्रायल' ठरते. एथिक्स कमिटीची मंजुरी पुरते. उद्या कंपनी हेच निकाल परवान्यासाठी दाखल करणार असेल, तर ही सवलत गेली. म्हणून तेही करारात लिहा. पहिल्या रुग्णाची नोंद होण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदणी करा. एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी चालत नाही. तिथे पैसा कुणाचा हे जाहीर होतं, प्रायोजक, म्हणजे अभ्यासाची जबाबदारी घेणारा, कोण हेही. आणि इथे लक्ष द्या : कंपनी फक्त पैसे देते, प्रायोजक तुम्ही आणि तुमचा ट्रस्ट. कुणाला काही झालं, तर उपचार आणि भरपाईची जबाबदारी तुमच्याकडे. विम्याचा खर्च बजेटमध्ये म्हणूनच धरायचा.

संमतीपत्र हिंदीत, वाचून दाखवून, आणि त्यात कंपनीचं नाव. आपल्या गावात हे जास्तच जपायला हवं. औषधचाचण्यांवरून इथल्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती, तेव्हाच्या बातम्या लोकांच्या मनातून गेलेल्या नाहीत. अजूनही एखादी बाई साडीचा पदर सावरत विचारते, "डॉक्टरसाहब, प्रयोग तो नहीं है ना?" तिला 'हो, आहे' असं उत्तर द्यायचं आणि मग शांतपणे समजावायचं. पाच मिनिटं जास्त लागतात.

प्रश्न : आमच्या रुग्णालयात एथिक्स कमिटीच नाही. मग आम्ही असा अभ्यास करूच शकत नाही का?
— एक फिजिशियन, देवास

उत्तर : करू शकता. त्याच शहरातली किंवा ५० किलोमीटरच्या आतली नोंदणीकृत कमिटी चालते, आणि देवासहून इंदूर त्यात बसतं. फक्त ज्या कमिटीकडे जाल तिची नोंदणी चालू आहे ना, ते आधी पाहा. मुदत संपलेल्या कमिटीच्या मंजुरीला काही किंमत नाही. आणि तिची फी तुमच्या बजेटमध्ये धरा, लोक हमखास विसरतात.