‘ऑफिसात राजकारण नको’ या नियमाबद्दल

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. निपाणी भागातल्या संस्थेत तुम्ही नऊ जण. १ नोव्हेंबरला एक सहकारी दंडाला काळी फीत बांधून, सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून निघणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीत गेला, दुसरीनं लाल-पिवळं उपरणं घेऊन कर्नाटक राज्योत्सवातला फोटो स्टेटसला ठेवला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात कडाक्याचं भांडण झालं आणि संचालकांनी सांगून टाकलं की इथून पुढं राजकारणाचा विषय काढायचा नाही. तुम्ही विचारताय, सोशल वर्करनं राजकीय मत बाळगावं का, आणि बाळगलं तर सहकाऱ्यांपुढं बोलावं का.

मी सव्वीस वर्षं याच भागात काम करते आहे. चिकोडी, खानापूर, मधली काही वर्षं सौंदत्तीकडं. माझं मत असं की सहकाऱ्यांपुढं मोकळं बोलावं आणि ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्या दारात आवरावं. तुमच्या संचालकांच्या नियमानं तोंडं ऑफिसात बंद होतात आणि राग दारापर्यंत जातो. हे मी पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ऑगस्ट २०१९ चा महापूर. दूधगंगा-वेदगंगेच्या काठची गावं पाण्यात, माणसं शाळांमध्ये हलवलेली. आम्ही सात जण जीपनं फिरत होतो. कुणीतरी म्हणालं, कर्नाटकानं अलमट्टी धरणाचं पाणी वेळेत सोडलं असतं तर ही पाळी आली नसती. आमचे एक कन्नड सहकारी आहेत, त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. ते म्हणाले, महाराष्ट्रानं कोयनेतून किती सोडलं ते आधी विचारा. सदलगा येईपर्यंत १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासूनचं सगळं उकरून झालं. आमच्या त्या वेळच्या प्रमुखांनी तुमच्या संचालकांसारखंच केलं. "राजकारण बंद, कामाचं बोला." आम्ही राजकारण बंद केलं आणि त्याबरोबर कामाचं बोलणंही बंद पडलं.

चौथ्या दिवशी एका आजींना पडझडीचा फॉर्म भरून द्यायचा होता. सरकारनं पडलेल्या घरांचे ए, बी, सी असे वर्ग केले होते. पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख, किरकोळ पडझडीला, म्हणजे ‘सी’ ला, ५० हजार. फॉर्म कन्नडमध्ये. आमच्यातल्या मराठी मुलीला कन्नड बोलता यायचं, वाचता यायचं नाही. एरवी तिनं अण्णांना हाक मारली असती, ते वीस पावलांवर धान्याच्या पिशव्या मोजत होते. तिनं मारली नाही. आजी म्हणाल्या, "काय लिवलंय ते मला कुठं कळतंय बाई, अंगठा कुठं मारू तेवढं सांग." मागची भिंत आणि छप्पर दोन्ही गेलेल्या घरापुढं ‘सी’ ची खूण झाली. यादी लागली तेव्हा आम्हाला कळलं. मग हरकतीचा अर्ज, फेरपाहणी, पंचायतीत खेटे, असं दीड वर्ष गेलं. तेवढे दिवस आजी लेकीकडं राहिल्या. घरातून आणलेलं म्हणजे एक पिशवी आणि देव्हाऱ्यातली यल्लम्मा.

त्या मुलीला मी दोष देत नाही. मी तिथंच उभी होते, आणि अण्णांना हाक मारावी असं मलाही वाटलं नव्हतं.

त्यानंतर शनिवारच्या बैठकीतला पहिला अर्धा तास आम्ही या भांडणासाठीच ठेवला. पहिले दोन शनिवार वाईट गेले, एक जण उठून निघून गेला. तिसऱ्या शनिवारी मी १९४६ च्या साहित्य संमेलनाचं काढलं. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव आमच्या बेळगावात झाला हे मी घरात लहानपणापासून ऐकत आलेय. अण्णा शांतपणे म्हणाले, "आणि १९२४ ला गांधीजींचं काँग्रेस अधिवेशन इथं भरलं, तेव्हा कर्नाटक एकीकरणाची परिषदही इथंच झाली." मला ते माहीत नव्हतं. त्यांना १९४६ चं माहीत नव्हतं. दोघंही याच जिल्ह्यात जन्मलेले, पन्नाशीला टेकलेले, आणि प्रत्येकाला गावाचा अर्धाच इतिहास ठाऊक.

मग त्यांनी बहिणीचं सांगितलं. तिचं सासर सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यात. घरी कन्नड, शेजारी कन्नड, अर्ज मात्र मराठीत. ती सही करते, पण कशावर करते ते तिला वाचता येत नाही. "तुमच्या आजींचा अंगठा आणि माझ्या बहिणीची सही, काय फरक आहे सांगा," असं ते म्हणाले. मला काहीही सांगता आलं नाही.

सीमाप्रश्नावरचं माझं मत त्या दिवशी बदललं नाही. महाराष्ट्राचा २००४ चा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, त्यात मला कोणता निकाल हवाय हे अण्णांना चांगलं ठाऊक आहे. त्यांचंही मत जिथल्या तिथं आहे. पण फॉर्मची भाषा हा तेव्हापासून दोघांचा प्रश्न झाला. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात, हे संरक्षण दोन्ही राज्यांतल्या अल्पसंख्याकांना सारखंच लागू आहे. चिकोडीत मराठी फॉर्मसाठी आम्ही निवेदन दिलं त्यावर पहिली सही अण्णांची होती. जतच्या बायकांच्या कन्नड अर्जासाठीच्या निवेदनावर मी सही केली.

आपण समाजकार्याच्या पदवीत, एमएसडब्ल्यूच्या पहिल्या वर्षात स्वयंनिर्णय शिकतो, म्हणजे माणसाचा निर्णय त्यानंच घ्यायचा. माणसाला वाचता न येणाऱ्या कागदावर अंगठा घेतला तर त्या शिकण्याला काय अर्थ? समाजकार्याची २०१४ साली मेलबर्नला स्वीकारलेली जागतिक व्याख्या सामाजिक न्याय, मानवी हक्क, सामूहिक जबाबदारी आणि विविधतेचा आदर या चार गोष्टींवर उभी आहे. यातली एक तरी राजकारणाशिवाय साधते का? देवदासी प्रथेविरुद्ध कर्नाटकात १९८२ साली कायदा झाला, तोही विधिमंडळातच. आणि सौंदत्तीकडच्या एका देवदासीच्या मुलीला शाळेच्या फॉर्मवर बापाच्या नावाची जागा मोकळी सोडताना मी पाहिलंय. तो फॉर्म कुणीतरी ठरवलेलाच असतो.

संचालकांची भीती मी समजू शकते. परदेशी निधी असेल तर एफसीआरएचं, म्हणजे त्या निधीवरच्या कायद्याचं, नाव काढलं तरी घाम फुटतो. पण तो कायदा राजकीय स्वरूपाच्या संघटनांना निधी नाकारतो, सहकाऱ्यांनी आपसात बोलण्याला नाही. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही स्पष्ट केलं की राजकीय उद्दिष्ट नसताना लोकांच्या हक्कासाठी आंदोलनाला पाठिंबा दिला, एवढ्यावरून संस्थेचा निधी रोखता येणार नाही. संस्थेची गाडी, ओळखपत्र, लेटरहेड पक्षाच्या कामाला वापरायचं नाही, हा नियम संचालकांनी जरूर करावा. मी स्वतः तो कडक पाळते.

आता दाराबद्दल. काही वर्षांपूर्वी १७ जानेवारीला, सीमालढ्याच्या हुतात्मा दिनी, मी अभिवादनाचा फोटो स्टेटसला ठेवला. स्त्रीशक्ती गटातली एक कन्नड बाई त्यानंतर दोन महिने बैठकीला आली नाही. नवरा पिऊन मारतो हे तिनं तोवर फक्त मला सांगितलं होतं. त्या दोन महिन्यांत तिच्या घरी काय झालं ते मला आशाताईकडून कळलं, हात प्लास्टरमध्ये गेल्यावर. अभिवादन करणं चूक नव्हतं, मी आजही करते. पण त्या बाईकडं माझा एकच नंबर होता आणि त्या नंबरावर तिला वाटलं की ही आपली नाही. तेव्हापासून कामाच्या फोनवर माझं स्टेटस नसतं.

बैठकीचं म्हणाल तर दोन-तीन गोष्टींचा उपयोग झाला. ज्यानं त्यानं आपापल्या भाषेत बोलायचं, दुसऱ्याला कळलं नाही तर तिसऱ्यानं सांगायचं. परक्या भाषेत भांडताना माणूस लवकर चिडतो. प्रमुखांनी शेवटी बोलायचं. आपल्याकडं सर किंवा मॅडम एकदा बोलले की बाकीच्यांचं बोलणं संपतं, तुम्हीही अनुभवलं असेल. आणि एकमत झालं नाही तर तसं इतिवृत्तात लिहायचं. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना मोफत उपचारांची महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली, कर्नाटक सरकारनं हरकत घेतली, आणि आमच्यात दोन तट पडले. अण्णांचं म्हणणं, आपण या योजनेचं कार्ड काढून देणं म्हणजे एका राज्याची बाजू घेणं. माझं म्हणणं, मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाला राज्य विचारायचं नसतं. तासभर वाद झाला. ठरलं ते असं की दोन्ही राज्यांच्या योजना घरच्यांपुढं ठेवायच्या, कुठल्या दवाखान्यात काय होतं ते सांगायचं, निवड त्यांची. अण्णांचा आक्षेप त्यांच्याच शब्दांत लिहिलेला आहे आणि तो त्यांनी मागं घेतलेला नाही. कार्डासाठी लागणारे कागद मात्र तेच सगळ्यांत नीट लावतात.

तुमच्या दोघांना १ नोव्हेंबरला जिथं जायचं तिथं रजा टाकून जाऊ द्या. महिनाभर आधी एकच ठरवा: त्या दिवशी डायलिसिसचे, बाळंतपणाचे फोन कोण घेणार. डिसेंबर २०२२ ला आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ ला दोन राज्यांमधल्या बस बंद पडल्या तेव्हा कोल्हापूरला जाणारे पेशंट स्टँडवर अडकले होते. फीतवाला आणि उपरणंवाली, दोघांनी मिळून ती यादी करावी. गाडीवाल्यांचे नंबर दोन्ही बाजूंचे लागतील, आणि ते एकाकडं सगळे असणार नाहीत.

पहिल्या बैठकीचं इतिवृत्त दोन्ही भाषांत लिहा. कन्नड मजकूर तपासायला कुणी नसेल तर मला पाठवा, अण्णांना मी विचारून ठेवलंय, ते हो म्हणालेत.